परदेशी निघताना फोनची तयारी: बडोद्याहून फ्रायबुर्गला

परदेश प्रवासासाठी मोबाइल डेटा घ्यायचा म्हटले की ‘किती जीबी आणि कितीला’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. आमच्या घरी तो प्रश्न शेवटी आला आणि तो शेवटी येणेच योग्य होते, असे माझे ठाम मत झाले आहे. आधी सोडवावा लागतो तो आपल्या भारतीय नंबरांचा प्रश्न. ते नंबर परदेशात जिवंत कसे राहतील हे एकदा ठरले की डेटा कोणता घ्यावा याचे उत्तर बऱ्याच अंशी आपोआप मिळते.

माझी मुलगी जर्मनीत फ्रायबुर्गला शिकते. तिच्याकडे सुमारे तीन आठवडे राहण्यासाठी मी, माझे यजमान आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई असे आम्ही तिघे निघणार होतो. बडोद्याहून गाडीने मुंबई, मुंबईहून विमानाने फ्रँकफुर्ट, आणि तेथून रेल्वेने फ्रायबुर्ग असा मार्ग ठरला होता. मधल्या काळात कोन्स्टान्स आणि स्वित्झर्लंडमधील ऱ्हाइनचा धबधबा पाहण्याचा बेत होता. म्हणजे प्रवासी तीन, फोन तीन तऱ्हेचे आणि देश दोन. व्हिसाची कागदपत्रे पूर्ण झाल्यावर मी हा विषय हाती घेतला. दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीपाळखीत परदेशी जाऊन आलेली माणसे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाने मनापासून सल्ला दिला. परंतु ते सल्ले एकमेकांशी जुळत नव्हते, कारण प्रत्येकाचा देश वेगळा, फोन वेगळा आणि गरज वेगळी होती.

बँकेचा ओटीपी भारतीय नंबरावरच येतो. परदेशात रेल्वेचे तिकीट काढायचे, हॉटेलचे पैसे भरायचे किंवा इथल्या घराचे वीजबिल भरायचे, तर तो सहा आकडी संदेश हातात पडल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. यूपीआयचे तर त्याहून कडक आहे. यूपीआयचे ॲप सुरू करताना आपल्या नोंदणीकृत सिमवरून एक एसएमएस जातो आणि ते ॲप त्या सिमशी व त्या फोनशी बांधले जाते. सिम काढून ठेवले, दुसऱ्या फोनमध्ये घातले किंवा ॲप काढून पुन्हा टाकले, तर ती पडताळणी नव्याने करावी लागते, आणि परदेशातून तो एसएमएस जाईलच याची शाश्वती नसते. त्यामुळे ‘विमानतळावर उतरल्यावर आपले सिम काढून पाकिटात ठेवायचे आणि तिथले घालायचे’ ही जुनी पद्धत आम्ही प्रथम बाद केली. प्रवासाच्या आधीच्या महिन्यात कोणीही फोन बदलायचा नाही आणि बँकेच्या ॲपला हात लावायचा नाही, असाही नियम केला.

भारतीय सिम चालू ठेवण्याला आणखी एक कारण आहे, जे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. युरोपात 112 हा आपत्कालीन क्रमांक आहे. अनेक देशांत तो सिम नसलेल्या फोनवरूनही लागतो, परंतु जर्मनीत 2009 पासून ती सोय बंद आहे. फोनमध्ये चालू सिम असल्याशिवाय 112 लागत नाही. सासूबाई बरोबर असताना ही गोष्ट मला डेटाच्या कोणत्याही हिशेबापेक्षा मोठी वाटली.

तेव्हा तिन्ही भारतीय नंबरांवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू करायची, पण त्या नंबरांवरचा डेटा मात्र बंद ठेवायचा, असे ठरले. आमच्या कंपनीच्या दरपत्रकात परदेशात येणारे एसएमएस विनामूल्य असल्याचे लिहिले होते, पण आलेला कॉल उचलला तर मिनिटामागे आकार होता. हे प्रत्येकाने आपापल्या कंपनीच्या दरपत्रकात स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. दुकानातल्या माणसाच्या तोंडच्या माहितीवर राहू नये. यजमानांचा आणि सासूबाईंचा नंबर प्रीपेड असल्यामुळे आमची परतीची तारीख उलटून जाईपर्यंत रिचार्जची वैधता पुरेल अशी व्यवस्था निघण्याआधीच केली. माझा नंबर पोस्टपेड असल्याने त्यावर अनपेक्षित बिल चढण्याचा धोका खरा होता, म्हणून त्यावरचे डेटा रोमिंग बंद आहे याची खात्री मी बडोदा सोडण्यापूर्वी आणि मुंबईच्या विमानतळावर पुन्हा करून घेतली. कॉल दुसऱ्या नंबरावर वळवण्याची जी सोय असते, तीही तिघांच्या फोनवर बंद केली, कारण परदेशात तो वळवलेला कॉलसुद्धा आकाराच्या यादीत येऊ शकतो.

नंबरांचा बंदोबस्त झाल्यावर डेटाचा विचार सुरू झाला. समोर तीन मार्ग होते. आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घेणे सर्वांत सोपे, कारण त्यात काहीच बसवावे लागत नाही. थोड्या दिवसांच्या कामाच्या प्रवासासाठी मी आजही तोच सुचवीन. पण तीन माणसे आणि तीन आठवडे असा गुणाकार केला की तो आम्हाला जड जात होता, आणि त्यातला डेटाही आमच्या गरजेच्या मानाने तुटपुंजा होता.

दुसरा मार्ग तिथे पोहोचल्यावर स्थानिक सिम घेण्याचा. माझी मुलगी आधी त्याच मताची होती. “आई, इथे सुपरमार्केटमध्येसुद्धा सिम मिळतं, आल्यावर घेऊ,” असे ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. आल्डी आणि लिडल या किराणा दुकानांच्या साखळ्या आपापली सिम विकतात आणि ती स्वस्तही असतात. पण आमचे विमान रविवारी उतरणार होते, आणि जर्मनीत रविवारी बहुतेक सगळी दुकाने बंद असतात. विमानतळ आणि मोठी स्थानके येथली काही दुकाने तेवढी उघडी असतात. शिवाय जुलै 2017 पासून जर्मनीत प्रीपेड सिम चालू करण्यापूर्वी ओळखपत्राची पडताळणी करणे बंधनकारक आहे, आणि ती पुष्कळदा व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवून करावी लागते. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर सासूबाईंना स्थानकाच्या बाकावर बसवून तिघांच्या पासपोर्टांची पडताळणी करत राहणे मला मान्य नव्हते. फ्रँकफुर्ट विमानतळावरून फ्रायबुर्गची गाडी पकडायची, तिचा फलाट आयत्या वेळी बदलू शकतो, मुलगी फ्रायबुर्गच्या स्थानकावर थांबणार, आणि नेमक्या त्या वेळात आमच्याकडे नेट नाही, हे चालण्यासारखे नव्हते. मुलीलाही ते पटले.

राहिला तिसरा मार्ग, म्हणजे प्रवाशांसाठीचे डेटा सिम, जे इथेच विकत घेऊन इथेच बसवता येते. ते प्लास्टिकचे असू शकते किंवा ई-सिम असू शकते. ई-सिमची ग्राहकांसाठीची मानके 2016 मध्ये आली. त्यात सिमची चकती नसते. फोनच्या आत कायमची बसवलेली एक चिप असते आणि कंपनीने दिलेला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या कंपनीची माहिती त्या चिपमध्ये उतरते. भारतीय सिम जागच्या जागी राहते आणि त्याच्या शेजारी दुसरी लाइन सुरू होते. आमच्या पहिल्या अटीला हे तंतोतंत जुळणारे होते.

मात्र फोनला ते चालले पाहिजे. ओळखण्याची सोपी खूण अशी, की डायल करण्याच्या पडद्यावर *#06# दाबले की आयएमईआय म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी नावाचा 32 अंकी क्रमांक दिसतो. तो दिसला तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे. यजमानांच्या आयफोनवर तो दिसला. माझ्या अँड्रॉइड फोनवरही दिसला, पण माझी अडचण वेगळी होती. माझ्याकडे दोन भारतीय सिम आहेत, एक रोजच्या वापराचे आणि एक जुने, ज्यावर पेन्शनच्या खात्याचे संदेश येतात. माझ्या फोनमध्ये एका वेळी दोनच लाइन चालू राहू शकतात. म्हणजे ई-सिम सुरू करायचे तर दोहोंपैकी एका भारतीय नंबराला विश्रांती देणे भाग होते. कोणत्या बँकेचा, कोणत्या कार्डाचा ओटीपी कोणत्या नंबरावर येतो याचा एक तक्ता मी कागदावर मांडला आणि परदेशात वापरायची कार्डे ज्या नंबराशी जोडलेली होती तोच नंबर चालू ठेवला. रोजच्या नंबरालाच ई-सिममध्ये बदलून जागा मोकळी करता आली असती. पण फोन हरवला तर प्लास्टिकचे सिम निदान बडोद्यातून कोणाकडून तरी मागवता येते, तर ई-सिम पुन्हा मिळवण्याच्या पडताळणीत परदेशात अडकून पडण्याची भीती वाटते, म्हणून प्रवासाच्या तोंडावर तो बदल मी केला नाही.

सासूबाईंच्या फोनवर मात्र ईआयडी दिसला नाही. त्यांचा फोन 4जीचा पण जुना, आणि त्यांना त्याची इतकी सवय आहे की नवा फोन देणे हा उपाय नव्हता. शेजारच्या काकांनी त्यांच्याकडचा एक जादा फोन देऊ केला होता, पण तो 3जीचा होता आणि जर्मनीतील कंपन्यांनी आपली 3जी सेवा 2021 मध्ये बंद केली आहे, त्यामुळे त्यावर नेट चालण्यासारखे नव्हतेच. मग सासूबाईंसाठी प्लास्टिकचे सिम घ्यायचे ठरले. तिथे दुसरी गोष्ट निघाली. त्यांच्या फोनमधला दुसरा खण सिम किंवा मेमरी कार्ड यांपैकी एकच घेणारा आहे, आणि त्यात मेमरी कार्ड होते. त्या कार्डावर त्यांनी वर्षानुवर्षे जमवलेली कीर्तने आणि अभंग आहेत. ते कार्ड काढायचे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, नेट नसलं तरी चालेल मला, पण ते काढू नका.” रावपुऱ्यातल्या मोबाइलच्या दुकानातला मुलगा समजूतदार निघाला. “काकी, आधी आजीचं सगळं फोनमध्ये उतरवून घेऊ, मग कार्ड काढू,” असे म्हणून त्याने फोनमधल्या नको असलेल्या व्हिडिओंची जागा मोकळी केली, ध्वनिमुद्रणे फोनच्या स्मृतीत उतरवली आणि सासूबाईंना त्यांतली दोन-तीन वाजवून दाखवली. नंतरच पिनेने ट्रे बाहेर काढला. दुसऱ्या खणात सिम बसवताना त्याचा कापलेला कोपरा कोणत्या बाजूला येतो हे त्याने मला दाखवले, आणि ती पिन मी पर्समधल्या एका डबीत टाकून बरोबर घेतली.

यावर कोणी म्हणेल की एकाच फोनवर भरपूर डेटा घेऊन हॉटस्पॉटवरून बाकीच्या दोघांना का दिला नाही. पैशांच्या दृष्टीने ते स्वस्त पडले असते, आणि आमच्या घरीही हा विचार झाला. पण हॉटस्पॉट चालतो तो तिघे हाताच्या अंतरावर असेपर्यंत. गर्दीच्या स्थानकावर चुकामूक होते ती नेमकी त्या अंतराच्या पलीकडे गेल्यावर. परक्या देशात, भाषा येत नसताना, वडीलधाऱ्या माणसाच्या हातातला फोन दुसऱ्याच्या फोनवर अवलंबून असू नये. तो स्वतःच्या बळावर चालला पाहिजे. यावर मी अडून राहिले. शिवाय ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक योजनांत हॉटस्पॉटला मनाई असते किंवा दिवसाची ठरावीक मर्यादा ओलांडली की वेग इतका खाली येतो की नकाशासुद्धा उघडत नाही. ते बारीक अक्षरात लिहिलेले असते.

मग आला जीबीचा प्रश्न. त्यासाठी अंदाजापेक्षा फोनच्या सेटिंगमधली नोंद पाहणे चांगले. कोणत्या ॲपने महिन्याभरात किती डेटा घेतला ते तिथे स्पष्ट दिसते. नकाशावर वाट पाहत चालायला तासाला पाच-दहा एमबीपेक्षा फारसे लागत नाही. व्हॉट्सॲपवरचा साधा कॉल त्याहून अधिक घेतो. अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलला माझ्या फोनच्या नोंदीप्रमाणे दीडशे-दोनशे एमबी लागत होते. आणि चांगल्या प्रतीचा व्हिडिओ पाहायला बसले तर तासाभरात एक जीबी सहज संपतो. म्हणजे खरा खर्च व्हिडिओचा आणि आपल्या नकळत चालणाऱ्या कामांचा असतो, जसे फोटो आपोआप वर चढणे आणि ॲप आपोआप अद्ययावत होणे. ही दोन्ही कामे आम्ही फक्त वाय-फायवर होतील अशी ठेवली. मुलीच्या घरी वाय-फाय होतेच. हे सगळे जमेस धरून माझ्यासाठी आणि यजमानांसाठी मध्यम आकाराच्या आणि सासूबाईंसाठी लहान योजना पुरेशा ठरल्या, आणि तिन्हींतला काही डेटा शेवटी शिल्लकच राहिला.

योजना निवडताना देशांच्या यादीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. 15 जून 2017 पासून युरोपीय संघात एका देशाचे सिम दुसऱ्या देशात जादा आकाराशिवाय चालते, आणि नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन हेही त्या व्यवस्थेत येतात. पण स्वित्झर्लंड त्यात नाही. पाकिटावर ‘युरोप’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले तरी त्यात स्वित्झर्लंड असेलच असे नाही. ते नाव यादीत शोधूनच पैसे भरावेत. आमच्या दोघांच्या ई-सिमच्या यादीत ते होते, सासूबाईंना मिळालेल्या सिमच्या यादीत नव्हते, आणि ते माहीत असूनही आम्ही घेतले, कारण स्वित्झर्लंडमध्ये त्या आमच्याबरोबरच राहणार होत्या.

खरेदीच्या बाबतीत भारतीय प्रवाशाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशी कंपन्यांची सिम भारतात विकायची तर दूरसंचार विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. जानेवारी 2024 मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही जगभर वापरली जाणारी दोन ॲप भारतातल्या ॲप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून काढून टाकली गेली, ती याच कारणाने; अशा सिमांचा सायबर फसवणुकीत गैरवापर होत असल्याची चिंता त्यामागे होती. म्हणून आम्ही भारतात अधिकृतपणे विक्री करणाऱ्याकडूनच सिम घेतली. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती द्याव्या लागल्या, त्याला थोडा वेळ गेला. आमच्या शेजारणीच्या भावाने एका व्हॉट्सॲप संदेशावरून स्वस्तात ई-सिम मागवले होते आणि पैसे देऊनही क्यूआर कोड आलाच नाही. कागदपत्रे मागणारा विक्रेता कटकटीचा वाटतो, पण मला तोच भरवशाचा वाटतो.

ई-सिम बसवण्याचे काम निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी घरच्या वाय-फायवर केले. ते उतरवून घेण्यासाठी इंटरनेट लागते, आणि इंटरनेटसाठीच तर आपण ते घेत असतो. विमानतळावर हा पेच पडू नये म्हणून घरी बसूनच ते करावे. आधी मात्र वैधता कधीपासून मोजली जाते हे वाचले. काही योजनांत ती बसवल्या क्षणापासून सुरू होते, काहींत परदेशातले नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यापासून. आमची दुसऱ्या प्रकारची होती. क्यूआर कोड ईमेलवर आला होता, आणि ज्या फोनवर ईमेल उघडले त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार, म्हणून तो संगणकाच्या पडद्यावर उघडला. कोणी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याची प्रत काढून घेतात. मी ते टाळले, कारण बहुतेक क्यूआर कोड एकदाच चालतात आणि जो आधी स्कॅन करील त्याच्या फोनमध्ये ते ई-सिम जाते. याच कारणाने एकदा बसवलेले ई-सिम, काही अडले तरी, रागारागाने पुसून टाकू नये; ते पुन्हा मिळेलच असे नसते. बसल्यावर मी त्या लाइनला ‘जर्मनी’ असे नाव दिले आणि ती बंद करून ठेवली.

आता जी सेटिंग लिहिते तिच्यापाशी सर्वांत जास्त लोक अडतात. परदेशी जाताना ‘रोमिंग बंद ठेवा’ असे सगळे बजावतात, आणि भारतीय सिमच्या डेटासाठी ते बरोबरच आहे. पण प्रवासी सिम हे बहुतेकदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचे असते आणि जर्मनीत तेही पाहुणेच असते, त्यामुळे त्या लाइनवरचे डेटा रोमिंग चालू केल्याशिवाय नेट चालत नाही. रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि एकही पान उघडत नाही. तेव्हा ‘जर्मनी’ लाइनवर रोमिंग चालू, भारतीय लाइनवर बंद, डेटासाठी ‘जर्मनी’ निवडलेली, आणि रेंज कमी झाल्यावर फोन आपणहून दुसऱ्या सिमचा डेटा घेतो ती सोय बंद, असे चारही मुद्दे मी एका कागदावर लिहून यजमानांच्या पासपोर्टच्या वेष्टनात ठेवले. व्हॉट्सॲपमध्ये रोमिंग असताना फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची वेगळी सेटिंग असते. ती या लाइनलाही लागू होते, म्हणून तीही पाहून ठेवली. व्हॉट्सॲपचा नंबर मात्र भारतीयच राहतो. डेटा कोणत्याही सिमचा असला तरी चालतो; फक्त नंबर बदलायचा का, असे विचारले तर नाही म्हणायचे.

फ्रायबुर्ग आणि आसपासच्या भागाचा नकाशा आणि भाषांतराच्या ॲपमधली जर्मन भाषा फोनमध्ये आधीच उतरवून घेतली. विमानात तिन्ही फोन फ्लाइट मोडवरच ठेवले. काही विमानांत आणि मोठ्या जहाजांवर त्यांचे स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते, भारतीय सिम ते रोमिंग म्हणून पकडते, आणि त्याचे दर जमिनीवरच्या दरांहून फार वरचे असतात.

फ्रँकफुर्टला उतरल्यावर माझी आणि यजमानांची ‘जर्मनी’ लाइन चालू केल्यावर थोड्याच वेळात नेट आले. सासूबाईंच्या फोनवर रेंज होती पण नेट नव्हते. रोमिंग चालू होते, लाइनही बरोबर निवडलेली होती. राहिले होते ते एपीएन, म्हणजे फोनने कोणत्या दारातून इंटरनेटवर जायचे त्याचा पत्ता. पुष्कळ सिम तो स्वतः भरतात, हिने भरला नव्हता. सिमबरोबर आलेल्या पत्रकावर तो छापलेला होता. सामानाच्या पट्ट्यापाशी उभी राहून मी सेटिंगमध्ये नवा एपीएन उघडला, पत्रकावरचा शब्द अक्षर न अक्षर तसाच भरला, जतन केला, तो निवडला आणि फोन एकदा बंद करून चालू केला. नेट सुरू झाले आणि सासूबाईंनी स्वतःच नातीला फोन लावला. ते पत्रक फेकून न देता बरोबर आणले होते म्हणून हे निभावले. सिमचे वेष्टन आणि त्यातला प्रत्येक कागद परत येईपर्यंत जपावा.

आमच्या गाडीचा फलाट खरोखरच बदलला आणि तो ॲपवर वेळेत कळला. तिथल्या वेगवान आयसीई गाड्यांत विनामूल्य वाय-फाय असते, त्यामुळे फ्रायबुर्गपर्यंतच्या प्रवासात सिमचा डेटा जवळजवळ वापरावाच लागला नाही.

कोन्स्टान्सला मात्र फोनकडे लक्ष द्यावे लागले. हे जर्मन गाव आणि क्रॉइत्सलिंगेन हे स्विस गाव एकमेकांना इतके लागून आहे की सीमेवरचे जुने कुंपण काढून तिथे आता शिल्पे उभी केली आहेत. माणसाला सीमा जाणवत नाही, पण फोन स्विस मनोऱ्याची रेंज पकडतो. माझ्या फोनवर वरच्या कोपऱ्यातले जर्मन कंपनीचे नाव जाऊन स्विसकॉमचे नाव आले आणि आम्ही अजून जर्मनीतच असताना भारतीय नंबरावर स्वित्झर्लंडमध्ये स्वागत करणारा, दर सांगणारा संदेश आला. भारतीय सिमचा डेटा बंद असल्याने बिलाची भीती नव्हती, आणि आमच्या ई-सिमला स्वित्झर्लंड चालत होते. सासूबाईंचे सिम प्रीपेड असल्याने त्यावर बिल चढण्याचा प्रश्नच नव्हता, पण स्विस नेटवर्कवर गेले की त्यांचे नेट बंद पडणार होते. म्हणून त्यांच्या फोनमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याची सोय बंद करून जर्मन कंपनीचे नाव हाताने निवडून ठेवले. गावातून परत निघताना ती सोय पुन्हा चालू केली. ती तशीच ठेवली असती तर दुसऱ्या ठिकाणी त्या कंपनीची रेंज नसताना फोन मुकाच राहिला असता. ज्यांचे घर किंवा मुक्काम सीमेजवळ आहे आणि ज्यांनी पोस्टपेड रोमिंग चालू ठेवले आहे, त्यांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे.

भारतीय नंबर चालू ठेवण्याचा निर्णय रोजच उपयोगी पडला. रेल्वेची तिकिटे भारतीय कार्डाने काढली तेव्हा ओटीपी येत गेला, कधी क्षणात, कधी एखाद्या मिनिटाने. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करून ठेवला होता. मधे एकदा बडोद्याच्या घराचे एक देयक भरायचे राहिले होते, तेही यूपीआयने तिथून भरता आले. भारतातून येणारे अनोळखी कॉल आम्ही उचलले नाहीत आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवले होते की बोलायचे ते व्हॉट्सॲपवर.

परत आल्यावर डेटाची लाइन पुन्हा भारतीय केली, आंतरराष्ट्रीय रोमिंग बंद करून घेतले आणि पुढचे बिल येईपर्यंत थांबून ते ओळ न ओळ तपासले. त्यात परदेशातल्या डेटाचा एकही पैसा नव्हता. ई-सिमची मुदत संपल्याची खात्री झाल्यावर ते फोनमधून काढले. ज्या योजनेत पुन्हा रिचार्ज करता येतो तिचे ई-सिम ठेवून दिले तरी चालते, ते बंद असताना जागा अडवत नाही.

शेजारचे कुटुंब आता दुबईला निघाले आहे आणि त्यांनी आमचीच योजना जशीच्या तशी मागितली. मी ती दिली नाही. दुबईत स्थानिक नेटवर्कवर व्हॉट्सॲपचे कॉल लागत नाहीत, त्यांचा मुक्काम मोजक्या दिवसांचा आहे, आणि त्यांना नातेवाइकांशी दिवसातून अनेकदा साध्या फोनवर बोलायचे आहे. त्यांच्या नंबरांचा, कार्डांचा आणि ओटीपींचा तक्ता आम्ही माझ्याच कागदावर मांडला, आणि त्यांच्यासाठी कॉलची मिनिटे धरून त्यांच्या भारतीय कंपनीचाच रोमिंग पॅक निवडला.